‘वू’ पुरेसे नसते: फ्रेंच प्रश्नरचनेचे एक प्रकरण

पुण्यात माझ्याकडे चार वर्षे फ्रेंच शिकलेली आणि ‘डेल्फ’ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-2 पातळी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्समधल्या ल्योंला गेली. तिथे पोहोचून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा तिने मला एक ई-पत्र पुढे पाठवले. त्यात तिने आपल्या विभागाच्या सचिवालयाला लिहिलेले पत्र आणि त्याखाली तिथून आलेले उत्तर होते. वर तिने मराठीत एवढेच लिहिले होते: “मॅडम, मी सगळीकडे ‘वू’च वापरले आहे, तरी बाईंनी इतके तुटक उत्तर का दिले?” ‘वू’ म्हणजे फ्रेंचमधले आदरार्थी ‘तुम्ही’.

सचिवालयाचे उत्तर एका वाक्याचे होते: सर्व माहिती संकेतस्थळावर दिलेली आहे. आरंभी संबोधन नव्हते आणि शेवटी फक्त ‘कॉर्दियालमाँ’ हा पत्र संपवण्याचा ठरावीक शब्द होता. सप्टेंबरमध्ये फ्रेंच विद्यापीठांची सचिवालये प्रवेशांच्या कामात बुडालेली असतात, त्यामुळे या तुटकपणाचा सगळा दोष माझ्या विद्यार्थिनीच्या भाषेवर टाकणे योग्य होणार नाही. तरीही तिचे पत्र वाचताना मला पहिल्याच ओळीला अडखळल्यासारखे झाले. पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडावेसे वाटले.

तिने चार प्रश्न विचारले होते. पहिला, ‘वू वुले क्वा कॉम दॉक्युमाँ?’, म्हणजे कागदपत्रांपैकी तुम्हाला काय काय हवे आहे. दुसरा, ‘से काँ ला दात लिमीत?’, म्हणजे शेवटची तारीख कधी आहे. तिसरा, ‘ल सक्रेतारिआ ऊव्र आ केल अर?’, म्हणजे सचिवालय किती वाजता उघडते. चौथा प्रश्न आधीच्या एका पत्राविषयी होता: ‘पुर्क्वा वू नावे पा रेपोंद्यु आ मों प्रम्ये मेल?’, म्हणजे माझ्या पहिल्या ई-पत्राला तुम्ही उत्तर का दिले नाही. चारही वाक्ये फ्रेंच माणसाच्या तोंडी रोज असतात. एकाही फ्रेंच कानाला ती परकी वाटणार नाहीत. अडचण एवढीच की ती तोंडी असणारी वाक्ये आहेत आणि तिने ती लिहून पाठवली.

तीन रचना

फ्रेंचमध्ये एकच प्रश्न तीन प्रकारे बांधता येतो. विधानाचा शब्दक्रम तसाच ठेवून शेवटी फक्त स्वर चढवणे हा पहिला प्रकार: ‘वू-झेत ऊवेर ल साम्दी?’, तुम्ही शनिवारी उघडे असता? दुसऱ्या प्रकारात त्याच विधानाच्या आधी ‘एस्क’ हा ठोकळा जोडला जातो: ‘एस्क वू-झेत ऊवेर ल साम्दी?’ मूळ शब्द घेतले तर ‘एस्क’चा अर्थ ‘असे आहे का की’ असा निघतो, पण आज तो अर्थ कुणाच्या मनात नसतो. हिंदीत वाक्याच्या आरंभी येणारा ‘क्या’ जे काम करतो, तेच काम ‘एस्क’ करतो. तिसऱ्या प्रकारात क्रियापद पुढे येते आणि कर्त्याचे सर्वनाम त्याच्या मागे जाते: ‘एत-वू ऊवेर ल साम्दी?’ या उलट क्रमाला फ्रेंच व्याकरणात ‘अँवेर्स्यों’ म्हणतात.

प्रश्नार्थक शब्द असला तरी हेच तीन थर दिसतात. ‘तुम्ही काय करता?’ हे ‘वू फेत क्वा?’, ‘केस्क वू फेत?’ आणि ‘क फेत-वू?’ असे तीन प्रकारे म्हणता येते. यात ‘काय’चा शब्दसुद्धा जागेप्रमाणे रूप बदलतो: क्रियापदाच्या मागे तो ‘क्वा’ असतो आणि पुढे आला की ‘क’ होतो. ‘क’ पुढे ठेवून नंतर साधा क्रम ठेवला, म्हणजे ‘क वू फेत?’ म्हटले, तर मात्र वाक्य सरळ चुकते.

शाळा-महाविद्यालयांतल्या फ्रेंचच्या तासाला ‘खालील प्रश्न तीन प्रकारे लिहा’ हा स्वाध्याय हमखास असतो. मीही तो अनेक वर्षे दिला आहे, आणि तिन्ही उत्तरांपुढे सारख्याच बरोबरच्या खुणा केल्या आहेत. विद्यार्थी त्यातून जे शिकतो ते असे: तिन्ही वाक्यांचा अर्थ एक, म्हणून तिन्ही वाक्ये एकच, म्हणून त्यातले सर्वांत सोपे वापरावे. माझ्या विद्यार्थिनीने नेमके हेच केले होते, आणि त्या गैरसमजाचे मूळ माझ्या फळ्यावर होते, हे मला मान्य केले पाहिजे.

आदर कुठे ठेवलेला असतो

पण स्वाध्याय हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे तिच्या आणि माझ्या मातृभाषेत आहे. मराठीत प्रश्न विचारताना शब्द जागा बदलत नाहीत. ‘ती मुंबईला जाते’ या वाक्यात ‘मुंबईला’च्या जागी ‘कुठे’ ठेवले की ‘ती कुठे जाते?’ हा प्रश्न तयार होतो. हो-नाहीचा प्रश्न असेल तर शेवटी ‘का’ लावला की काम झाले. वाक्याच्या क्रमातून आपण समोरच्याचा मान ठरवत नाही. तो मान सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असतो: तू येतेस का, तुम्ही येता का, आपण येऊ शकाल का. त्यामुळे मराठी मनाला ‘त्यु’च्या, म्हणजे ‘तू’च्या, ऐवजी ‘वू’ घातले की आदराचा हिशेब पूर्ण झाला असे वाटते. विद्यार्थिनीच्या त्या ओळीतला ‘सगळीकडे’ हा शब्द तेच सांगत होता.

फ्रेंचमध्ये ‘वू’ने अंतर ठरते, पण वाक्य किती जपून बांधले आहे हे क्रमाने ठरते, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत. ‘वू वुले क्वा’ यात अंतर आहे, पण जपणूक नाही. त्यातही ‘क्वा’ वाक्याच्या मध्ये असा उघडा पडला की लिहिलेल्या पत्रात तो फारच मोकळा वाटतो, जणू कुणी बोलता बोलता टाईप केले आहे. शिवाय मराठीतला नैसर्गिक क्रम फ्रेंचमधल्या बोलीच्या क्रमाशी सर्वांत जवळचा आहे, कारण दोन्हीकडे प्रश्नार्थक शब्द उत्तराच्याच जागी बसतो. म्हणून मराठीतून फ्रेंचकडे जाणारा माणूस नकळत सर्वांत अनौपचारिक रचनेवर जाऊन पोहोचतो, आणि ती रचना व्याकरणदृष्ट्या बरोबर असल्यामुळे त्याला कुणी अडवतही नाही.

चौथ्या प्रश्नाची गोष्ट निराळी आहे. ‘पुर्क्वा वू नावे पा रेपोंद्यु’ हे उलट क्रमात नेऊन ‘पुर्क्वा नावे-वू पा रेपोंद्यु’ असे केले, तर वाक्य औपचारिक होते, पण त्यातला जाब विचारण्याचा सूर तसाच राहतो. ‘आपण उत्तर का दिले नाही?’ यात ‘आपण’ असूनही जसा तो राहतो, तसाच. हा प्रश्न कोणत्याही थरावर विचारण्याजोगा नव्हता. फ्रेंच पत्रव्यवहारात अशा वेळी ‘झ म पेर्मे द रव्नीर वेर वू’ लिहितात, म्हणजे ‘मी पुन्हा आपल्याकडे येण्याची मोकळीक घेते’. आधीचे पत्र अनुत्तरित आहे हे वाचणाऱ्याला यातून समजते आणि कुणाला काही ऐकून घ्यावे लागत नाही.

दुरुस्ती आणि तिच्यातली चूक

मी तिला हे सगळे दूरध्वनीवर सांगितले आणि पत्र पुन्हा लिहायला सांगितले. दुसरा मसुदा तासाभरात आला. त्यात ‘क्वा’ कुठेही नव्हता, पण आता हे वाक्य होते: ‘झ वुद्रे साव्वार केल दॉक्युमाँ द्वा-झ फुर्नीर?’, म्हणजे ‘मला कोणती कागदपत्रे द्यायची आहेत हे जाणून घ्यायला आवडेल’. तिने उलट क्रम आदराचा म्हणून जिथे दिसेल तिथे लावला होता. पण ‘मला जाणून घ्यायला आवडेल’ म्हटल्यानंतर पुढचा भाग प्रश्न राहत नाही, तो विधानाच्या पोटात जातो आणि त्याचा क्रम सरळ होतो: ‘केल दॉक्युमाँ झ द्वा फुर्नीर’. शेवटी प्रश्नचिन्ह येत नाही, पूर्णविराम येतो. अशाच पोटवाक्यात ‘केस्क’ही टिकत नाही, त्याचे ‘स क’ होते. ही चूक अनेक फ्रेंच लोकसुद्धा लिहिताना करतात, आणि तिचे कारण बहुधा माझ्या विद्यार्थिनीचेच असते: औपचारिक दिसण्याच्या प्रयत्नात उलट क्रम नको तिथेही वापरला जातो.

इथे मी तिला मराठी अर्जाची आठवण करून दिली. ‘कागदपत्रे केव्हापर्यंत द्यायची?’ असे आपण कचेरीला लिहीत नाही. ‘सदर कागदपत्रे केव्हापर्यंत सादर करावयाची आहेत, हे कळविण्याची कृपा करावी’ असे लिहितो. प्रश्नचिन्ह जाते आणि प्रश्नाची विनंती होते. फ्रेंच पत्रातही सर्वांत वरच्या थरावर हेच घडते: ‘झ वू सरे रकॉनेसाँत द बियँ वुल्वार मँदिके’, म्हणजे ‘मला कळवलेत तर मी आपली आभारी असेन’. या वाक्यात लिहिणाऱ्याचे लिंगही दिसते. बाई लिहीत असेल तर ‘रकॉनेसाँत’, पुरुष लिहीत असेल तर शेवटचा ‘त’ जातो आणि ‘रकॉनेसाँ’ उरते. आपल्या ‘मी ऋणी राहीन’मध्ये हे दिसत नाही, पण ‘आभारी असलेली’ आणि ‘आभारी असलेला’ हा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे औपचारिक प्रश्नाची जाण तिच्याकडे आधीपासून होती. ती मराठी अर्जापुरती राखून ठेवलेली होती, एवढेच.

आभाराचे हे वाक्य मात्र मी तिला वापरू दिले नाही. विद्यार्थ्याने सचिवालयाला लिहिलेल्या दोन परिच्छेदांच्या पत्रात ते जड झाले असते. शेवटी पाठवलेल्या पत्राचा गाभा असा होता: ‘मादाम, मस्यो, झ म पेर्मे द रव्नीर वेर वू ओ स्युझे द मों अँस्क्रिप्स्यों. पुरिए-वू मँदिके केल दॉक्युमाँ झ द्वा फुर्नीर, अँसी क ला दात लिमीत द देपो? पार आयर, आ केल अर ल सक्रेतारिआ ऊव्र-तिल?’ माझ्या प्रवेशाविषयी मी पुन्हा लिहिते आहे. कोणती कागदपत्रे द्यायची आणि ती जमा करण्याची शेवटची तारीख कोणती, हे आपण मला कळवू शकाल का. तसेच सचिवालय किती वाजता उघडते. ‘पुरिए-वू’ हे ‘शकाल का’चे जवळजवळ तंतोतंत रूप आहे: उलट क्रम तिथे एकदाच येतो, आणि ‘केल दॉक्युमाँ’पासून पुढे वाक्य सरळ चालते.

शेवटच्या प्रश्नात ‘सक्रेतारिआ’ हे नाम क्रियापदाच्या आधीच राहते आणि मागे त्याचे सर्वनाम ‘इल’ पुन्हा येते, कारण या रचनेत क्रियापदाच्या मागे सर्वनामच जाते. ‘आ केल अर’सारखा प्रश्नार्थक शब्द असेल तर ‘आ केल अर ऊव्र ल सक्रेतारिआ?’ असे नामही मागे जाऊ शकते, हो-नाहीच्या प्रश्नात मात्र नाही. मधला ‘त’ कुठून आला, हा प्रश्न माझ्या प्रत्येक वर्गात येतो. लॅटिनमध्ये तृतीयपुरुषी क्रियापदांच्या शेवटी ‘त’ होता. ‘ए-तिल’ किंवा ‘दोर-तिल’ अशा रूपांत तो स्वरापुढे ऐकू येत राहिला, ‘आ’, ‘वा’, ‘ऊव्र’ अशा क्रियापदांतून तो गळून गेला होता. मग बोलणाऱ्यांनी इतर रूपांच्या सादृश्याने तो परत घातला. 16व्या शतकात तो बोलला जात होता पण लिहिला जात नव्हता, आणि 17व्या शतकात तो दोन जोडरेघांमध्ये लिहिण्याची पद्धत रूढ झाली.

त्याच ‘तिल’चे पुढे बोलीत ‘ती’ झाले आणि तो चक्क प्रश्नाचा प्रत्यय म्हणून कुठल्याही पुरुषाला लागू लागला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये त्याचे ‘त्यु’ झाले आहे, आणि तिथे ‘से-त्यु ल्वँ?’ म्हणजे ‘लांब आहे का?’ असे सर्रास विचारतात. मॉन्ट्रियलला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण तो ‘त्यु’ म्हणजे ‘तू’ नव्हे. तो आपला ‘का’ आहे, आणि क्रियापदाला चिकटून तो अगदी ‘का’चेच काम करतो.

प्रथमपुरुषात मात्र उलट क्रम फार थोड्या क्रियापदांशी टिकून आहे. ‘द्वा-झ’, ‘ए-झ’, ‘स्वी-झ’ हे चालते. ‘शकणे’चे रोजचे रूप ‘प’ असले तरी प्रश्नात ते ‘प्वी-झ’ असेच होते. बहुतेक क्रियापदांसाठी सुशिक्षित फ्रेंच माणूससुद्धा मुकाट्याने ‘एस्क झ’कडे वळतो.

या पत्राला दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात कागदांची यादी होती, विद्यार्थ्यांकडून 2018पासून घेतल्या जाणाऱ्या ‘सेवेक’ या वर्गणीच्या दाखल्याचा उल्लेख होता, आणि सुरुवातीला ‘बोंझूर मादम्वाझेल’, म्हणजे ‘नमस्कार, कुमारी’, असे संबोधन होते. संबोधन माझ्या मते थोडे जुन्या वळणाचे होते, पण ते होते.

खिडकीपाशी

कागद घेऊन ती स्वतः सचिवालयात गेली, तेव्हा तिने मला आधी विचारले की तिथेही ‘पुरिए-वू’च म्हणायचे का. मी नको म्हटले. बोलण्यात आणि लिहिण्यात फ्रेंच भाषेचे अंतर मोठे आहे, आणि पत्रात मोकळे वाटणारे वाक्य खिडकीपाशी अगदी साधे, सभ्य वाटते. बेकरीत ‘वू फेर्मे आ केल अर?’ असे विचारणारा माणूस कुणालाही उर्मट वाटत नाही. बोलताना ज्याची खरोखर गरज असते, ते म्हणजे प्रश्नाआधीचा ‘बोंझूर’. तो नसेल, तर सर्वांत नेटक्या उलट क्रमाचा प्रश्नही तिथे उद्धट ठरतो. आपल्याकडे ‘अहो ताई, जरा सांगता का’ यातला ‘अहो ताई’ जे करतो, ते तिथे ‘बोंझूर मादाम’ करतो.

तिने विचारलेले वाक्य तिने नंतर मला लिहून पाठवले: ‘बोंझूर मादाम, एस्क सेत आतेस्तास्यों स्युफी, ऊ इल वू फो ओसी लोरिझिनाल?’, हा दाखला पुरतो का, की तुम्हाला मूळ प्रतही लागते? वाक्याचा पहिला अर्धा भाग ‘एस्क’चा आहे आणि दुसरा साध्या क्रमाचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या परीक्षकाने यावर लाल रेघ मारली असती. मला हे वाक्य तिच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त आवडले, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना भाषा जशी सैलावते तशीच ती इथे सैलावली आहे, आणि सैलावूनही घसरलेली नाही.

उलट बाजू

दरम्यान वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात वेगळेच घडत होते. तिथे ती वर्गमैत्रिणींना विचारायची, ‘क फे-त्यु स स्वार? व्यँ-त्यु ओ सिनेमा आवेक नू?’ आज संध्याकाळी तू काय करते आहेस, आमच्याबरोबर सिनेमाला येतेस का. एका मुलीने तिला प्रेमाने सांगितले, ‘त्यु पार्ल कॉम अँ लिव्र’, तू पुस्तकासारखी बोलतेस. त्या मुली आपसांत ‘त्यु फे क्वा स स्वार? त्यु व्यँ ओ सिने?’ म्हणत, आणि ‘भूक लागली?’साठी ‘आ-त्यु फँ?’ न म्हणता ‘ता फँ?’ म्हणत, कारण भरभर बोलताना ‘त्यु आ’चे ‘ता’ होते. किल्ली शोधताना त्यांच्या तोंडी ‘एल ए ऊ, ला क्ले?’ असे, अगदी आपल्या ‘कुठे आहे ती, किल्ली?’सारखे.

म्हणजे कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात तिने स्वयंपाकघराची रचना वापरली होती आणि स्वयंपाकघरात पत्राची. दोन्ही ठिकाणी एकच समजूत काम करत होती, की थर फक्त सर्वनामाने ठरतो. ‘त्यु’ म्हटले की झाले, मग वाक्य कसेही बांधा. या बाजूची दुरुस्ती मला शिकवावी लागली नाही. ती तिने मैत्रिणींच्या कानाने दोन आठवड्यांत केली. मी फक्त एवढेच सांगितले की ‘कॉमाँ ताले-वू?’ आणि ‘केल अर ए-तिल?’सारखे काही प्रश्न उलट क्रमातच गोठलेले आहेत आणि ते सगळीकडे चालतात, म्हणून ते मोडून नवे बनवू नयेत.

या प्रकरणानंतर मी तो तीन प्रकारांचा स्वाध्याय बदलला. आता प्रश्नाबरोबर माणूसही देते: किल्ली कुठे आहे, हे बहिणीला विचारा, मालकीणबाईंना जिन्यात विचारा, त्यांनाच पत्रातून विचारा. एकाच माणसाला दोनदा, एकदा तोंडी आणि एकदा लेखी, विचारायला लावले की मुले थांबतात आणि विचार करतात. उत्तरांपुढे सरसकट बरोबरची खूण करता येत नाही. तपासायला वेळ जास्त लागतो.

मार्चमध्ये तिचा आणखी एक प्रश्न आला. प्रबंधाचे मार्गदर्शक प्राध्यापक पहिल्या काही भेटींनंतर म्हणाले होते की आपण एकमेकांना ‘त्यु’ म्हणू या. आता त्यांना आठवण करायची होती की आराखडा वाचायचा राहिला आहे. ‘वू’ लिहिले तर त्यांचा प्रस्ताव नाकारल्यासारखे होईल, आणि ‘त्यु आ ल्यु मों प्लाँ?’, तू माझा आराखडा वाचलास?, हे लिहायला तिचे बोट हलत नव्हते. मी काही सुचवण्याआधीच तिने खाली लिहिले होते: ‘आ-त्यु यू ल ताँ द रलीर मों प्लाँ?’ माझा आराखडा पुन्हा वाचायला तुला वेळ मिळाला का? सर्वनाम जवळचे, क्रम जपलेला, आणि वाचले की नाही याऐवजी वेळ मिळाला की नाही असे विचारलेले. मी उत्तरात फक्त प्रश्नचिन्हाआधी फ्रेंच पद्धतीची बारीक मोकळी जागा सोडायला सांगितली आणि पत्र पाठव म्हटले.